अण्णा नगरच्या लग्नात टॅबवरची हलगी

आमचं घर सोलापुरात, पत्र्याचं, एका खोलीचं. वडील मी तिसरीत असताना गेले. त्यानंतर आई एका बँड कंपनीत लाइट धरायला लागली. वरातीत बँडच्या दोन्ही बाजूंनी बायका डोक्यावर दिव्यांचं झुंबर घेऊन चालतात, त्यातली एक माझी आई. सगळी झुंबरं एका वायरने एकमेकांना बांधलेली आणि वायरचं टोक मागच्या हातगाडीवरच्या जनरेटरला. त्यामुळे पाय दुखला तरी ओळ सोडता येत नाही. मांडवाच्या दारात वरात थांबली की वऱ्हाड आत जायचं आणि लाइटवाल्या बाहेर. आत जेवण काय आहे ते आई वासावरून सांगायची.

मी बँडच्या शेडमध्येच अभ्यास केला. हलगी, साइड ड्रम, क्लॅरिनेट कानात बसलं ते तिथेच. पुढे मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. ही गोष्ट मी विचारल्याशिवायही सांगते. नोकरी लागल्यावर पहिली हौस म्हणून टॅब घेतला, त्यात संगीत करायचं अॅप टाकलं आणि शेडमधल्या हलगीचे ठोके एकेक करून त्यात भरून ठेवले. आता दोन बोटांनी काचेवर टिचकी मारली की आमच्या शेडची हलगी वाजते.

कंपनीने नवीन मशीन शिकायला तीन आठवडे चेन्नईला पाठवलं. स्टेशनवर आई म्हणाली, "समुद्र बघ. आणि अनोळखी माणसापुढे ती टिकटिक करत बसू नको."

सकाळी चेन्नईत उतरले. पहिलं काय जाणवलं असेल तर घाम. अंघोळ करून बाहेर पडावं आणि पुन्हा अंघोळ झाल्यासारखं व्हावं, अशी हवा. गिंडीच्या कारखान्याजवळ खोली मिळाली. खाली एका अम्मांची इडलीची गाडी. तिथे पहिल्याच दिवशी फजिती झाली. कॉफी पितळी पेल्यात आणि पेला खोलगट वाटीत (तिला डवरा म्हणतात). मी वाटीला बशी समजून पेला तसाच तोंडाला लावला. ओठ भाजला. अम्मा हसत आल्या, माझा पेला घेतला, हात वर नेऊन कॉफी डवऱ्यात ओतली, परत पेल्यात, परत डवऱ्यात. सांडला नाही एक थेंब. दुसऱ्या दिवशी मी तसं करायला गेले आणि अर्धी कॉफी ओढणीने प्यायली.

दुपारच्या सुट्टीत कारखान्यामागच्या झाडाखाली बसून मी टॅब काढायचे. आईची ताकीद दोन दिवस पाळली, तिसऱ्या दिवशी मोडली. मान वर केली तर समोर कारखान्याच्या स्टोअरमधले गोपाळराव (नाव नंतर कळलं). साठीला आलेले, कपाळावर गंध, हातात डबा.

"बोटं नाचवितां, आवाज येत नाही. हे काय मा?"

मी चमकलेच. मराठी! पण कशी, तर जुनी, तमिळ हेलात घोळलेली आणि शेवटी तिकडचं लाडाचं 'मा'.

"आम्ही तंजावरचे. किती पिढ्या झाल्या कोण मोजतो. आमची मराठी ऐकून सगळे हसतात, तुम्हीपण हसा."

मी हसले आणि इअरफोन त्यांच्या कानात दिला. हलगी ऐकून त्यांचे डोळे मोठे झाले. डबा बाजूला ठेवून म्हणाले, "माझी पोर चित्रा, तिचं लग्न आहे पुढल्या रविवारी. जावई सातारचे. विहीणबाई म्हणतात, मंगलाष्टकं संपली की आमच्याकडचा बँड वाजलाच पाहिजे. इथे बँड कुठून आणूं? तुम्ही करून द्या की मा!"

मी लगेच हो म्हटलं. आईला फोनवर सांगितलं तर तिने एकच विचारलं, "बसायचं कुठं? आत का बाहेर?"

"आत गं."

"मग बरं."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी गोपाळरावांनी मला अण्णा नगरच्या मंगल कार्यालयात नेलं. स्टेजच्या डाव्या हाताला वाजवणाऱ्यांचा छोटा चौथरा. त्यावर नादस्वरम (आपल्या सनईची उंच, भारदस्त थोरली बहीण) वाजवणारे तंगवेल अय्या आणि तविल (तिकडचा ढोल) वाजवणारे त्यांचे मेहुणे. मी टॅबवर माझी धून ऐकवली. अय्या दोन मिनिटं तमिळमध्ये बोलले, हातवारे करून.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"नको म्हणतात," गोपाळराव म्हणाले.

"एवढ्या वेळात फक्त नको?"

"बाकीचं भाषांतर करण्यासारखं नाही मा."

मग थोडं थोडं कळलं. एक तर माझी धून काळी एकच्या पट्टीत आणि त्यांचं वाद्य रेण्डु कट्टैचं, म्हणजे आपली पांढरी दोन. "लाकूड कापून आणलंय, ते बदलत नाही," अय्या म्हणाले. मी अॅपमध्ये बोट सरकवलं आणि धून पांढरी दोनवर नेली. मेहुणे खुदकन हसले. अय्या हसले नाहीत. दुसरं म्हणजे, मंगळसूत्र बांधताना गेट्टी मेळम वाजतं. सगळी वाद्यं एकदम जोरात, म्हणजे त्या क्षणी अशुभ काही कानावर पडू नये. ते फक्त त्यांचं. आणि तिसरं, हा डबा (म्हणजे माझा टॅब) चौथऱ्यावर बसणार नाही. डब्याने दारात, साउंडवाल्याजवळ बसावं.

दारात! मला आईचा प्रश्न आठवला. पण चित्राच्या लग्नात भांडण कशाला? सरी (ठीक) म्हटलं. खोलीवर येऊन मात्र इडलीवाल्या अम्मांना तासभर मराठीत गाऱ्हाणं सांगितलं. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण दोन इडल्या जास्त वाढल्या.

रविवारी सकाळी दारात बसले. ठरलं होतं असं: मंगलाष्टकं संपली की गोपाळराव बोट वर करतील, मी बँड सुरू करायचा. अंतरपाट धरला गेला. नवऱ्याच्या साताऱ्याच्या आत्याबाईंनी मंगलाष्टकांचं दुसरं कडवं घेतलं होतं. मला डोक्यांच्या गर्दीत काहीच दिसेना. टाचा उंचावल्या आणि गोपाळरावांचं बोट दिसलं, वर केलेलं, जोरजोरात हलणारं.

मी हलगी सोडली.

ते बोट आजारी मावशींसाठी आणखी एक खुर्ची मागत होतं. पण स्पीकर मोठे होते. साताऱ्याच्या वऱ्हाडाने बँड ऐकला आणि धडाधड अक्षता टाकल्या. त्यांचं बघून चेन्नईकरांनी टाकल्या. अंतरपाट धरणाऱ्या दोघांपैकी एकाने आपलं टोक सोडलं. चित्रा आणि तिचा नवरा एका डोळ्याने एकमेकांना बघत उभे. आत्याबाईंचं तोंड उघडंच.

माझा हात बंद करायच्या बटणावर गेला. तेवढ्यात तंगवेल अय्यांनी दाराकडे बघून मान हलवली. नको, थांबू नको. त्यांनी नादस्वरम उचललं आणि माझीच धून धरली! एकदाच ऐकली होती त्यांनी. पांढरी दोनमध्ये माझं क्लॅरिनेट आणि त्यांचं नादस्वरम असं काही मिळालं की माझ्या अंगावर काटा आला. तविल मागून आलं. एक आवर्तन झाल्यावर त्यांनी लय उतरवली, मीही उतरवली, दोघं बरोबर थांबलो. लोकांना वाटलं, ठरवूनच केलं. शास्त्रीबुवा माइकवरून म्हणाले, "ही रंगीत तालीम झाली. आता अक्षता जपून." अख्खं कार्यालय हसलं. आत्याबाईंनी पुन्हा सुरुवात केली.

अय्या उभे राहून मला हात करत होते. "मेले वा! मेले वा!" (वर ये). गोपाळराव धावत आले. "म्हणतात, तिथून कोणालाच दिसत नाही. तिचा काय दोष, माझा दोष. वर बसवा तिला."

साउंडवाल्याची वायर चौथऱ्यापर्यंत पुरेना. त्याने दुसरी जोडली. मी चपला काढून वर बसले. अय्यांनी बोटाने स्वतःचे गाल दाखवले. कोणाचं बोट बघू नको, माझे गाल बघ.

मंगलाष्टकं संपली, माझा बँड वाजला, या वेळी वेळेवर. मग मंगळसूत्राची वेळ. मी टॅब बाजूला ठेवू लागले तर मेहुण्यांनी कोपराने ढोसलं: चालू दे. अय्यांचे गाल फुगले. मी तयार धून लावलीच नाही, दोन बोटांनी हलगी वाजवली, सरळ काचेवर, जीव खाऊन. गेट्टी मेळमात सोलापूरच्या शेडची हलगी! विहीणबाई नाचायच्याच बाकी होत्या.

पहिल्या पंगतीला अय्यांनी मला शेजारी बसवलं. केळीचं पान, सांबार, आणि तंजावरच्या मराठी घरातली डांगर पचडी (उडदाचं पीठ दह्यात कालवून). आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पानावर धरला. मग तो गोपाळरावांनी माझ्या हातातून घेतला आणि बोलत बोलत लांब गेले.

आठवड्याने परतले. सोलापूर स्टेशनवर आईने आधी पिशवी घेतली, मग विचारलं, "समुद्र बघितलास?"

"राहिला."

"आणि चुकीचं बोट बघून वाजवलंस म्हणे. व्हिडिओ कॉलवर एक आजोबा सांगत होते."

"ते गोपाळराव. शेवट चांगला झाला तेही सांगितलं ना?"

"पचडी कशी होती ते सांग."

मी सांगितली. वासावरून नाही, चवीवरून. आई सोळा वर्षं लोकांच्या लग्नांत मांडवाच्या दारापर्यंत गेली. मी चेन्नईच्या लग्नात वाजवणाऱ्यांच्या चौथऱ्यावर बसून वाजवलं आणि पहिल्या पंगतीला जेवले.