निंबाखाली लिहिलेल्या हरकती

ऑफिसात आलेल्या प्रत्येक कागदाला आवक नंबर असतो, आणि नशीब असेल तर कधीतरी जावक नंबरही मिळतो. किस्स्यांचं तसं नाही. ते नुसते येतात. नगरपालिकेत बाबू म्हणून उभी नोकरी काढली, त्यातली शेवटची वर्षं फेरीवाला परवान्याच्या टेबलावर. आता घरी बसून बघतो तर सगळी आवकच आवक! गावाचं नाव सांगत नाही. जिल्हा वर्धा, एवढ्यावर भागवा.

टेबलाचं काम तसं सोपं. रस्त्यावर बसणाऱ्याने परवान्याचा अर्ज केला की मी त्या जागेवर नोटीस चिकटवायची. मागच्या घराच्या किंवा दुकानाच्या मालकाला वाटलं तर त्याने मुदतीत लेखी हरकत घ्यायची. मग मी टेप घेऊन मोका पाहणी करायची आणि शेवटी मुख्याधिकारी साहेबांसमोर सुनावणी. सोपं म्हणजे कागदावर!

* * *

पहिलीच हरकत आली ती तर्री-पोह्याच्या ठेल्यावर. घरमालकाची तक्रार अशी, की सकाळी तर्रीला फोडणी बसली की अख्खं घर ठसकतं, देवपूजा होत नाही.

मी सकाळी आठला दोन पंच घेऊन पाहणीला गेलो. ठेल्यावर गर्दी. गर्दीत सगळ्यात पुढे हरकतदार स्वतः, हातात प्लेट! वरून पोहेवाल्याला कोथिंबीर मागून राह्यले, "सांबार टाक न जरा, काऊन कंजूशी करतं?"

मी म्हटलं, "काका, हरकत तुमचीच ना?"

"मंग? खाणं येगळं, हरकत येगळी!"

पंचांनीही तोवर एकेक प्लेट मागवली होती. त्या पंचनाम्यावर सह्यांच्या शेजारी तर्रीचे दोन लाल अंगठे आहेत. फाईल अजून रेकॉर्ड रूममध्ये असेल.

* * *

आता देवरावभाऊंची ओळख करून देतो. देवराव मेश्राम. पालिकेच्या फाटकाला लागून एक जुनी बंद इमारत, तिच्यापुढे कडुनिंब, निंबाखाली टेबल, टेबलावर मराठी टाईपरायटर. कॉम्प्युटर का घेत नाही विचारलं तर म्हणायचे, "निंबाले लाईटचं कनेक्शन कोण देईन बाप्पा?"

फेरीवाल्यांचे अर्ज तेच टाईप करायचे आणि त्यांच्यावरच्या हरकतीही तेच. फक्त एक पद्धत होती. कागद मशीनमधून काढला की आधी मोठ्याने वाचून दाखवायचा, मग विचारायचं, "असंच झालं ना? मंग करा सही."

एकदा एक रिटायर्ड शिक्षिका आल्या. घराच्या फाटकासमोर चपला शिवणारा बसतो, शोभा जाते, त्याला हलवा. देवरावभाऊंनी टाईप केलं आणि वाचायला घेतलं, "सदर इसम माझ्या घरासमोर गेली एकोणीस वर्षे बसत असून..."

"एकोणीस?" बाई मध्येच म्हणाल्या.

"तुमीच सांगतलं न मॅडम."

"म्हणजे आमचे हे होते तेव्हापासून." बाईंनी कागद घेऊन त्याची घडी केली. "राहू द्या. माझ्या चपलेचा पट्टा तुटलाय, जाता जाता त्याच्याकडून शिवून घेते."

अशा कितीतरी हरकती माझ्या टेबलावर यायच्या आधीच निंबाखाली निकाली निघाल्या. माणसाला आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकवलं की पंचाईत होते.

* * *

एका किराणावाल्याने हरकत घेतली, की केळीवाल्याची गाडी माझ्या हद्दीत दोन फूट घुसली आहे. मोजा म्हणाला, आत्ताच मोजा!

मोजलं. गाडी रस्त्याच्या कडेला, जिथे असायला हवी तिथेच. किराणावाल्याचा ओटा मात्र नाली ओलांडून तीन फूट रस्त्यावर!

"टेप गुंडाळा बाबूजी," शेटजी हळूच म्हणाले, "हरकत वापस घेतो."

निंबाखाली गेले. देवरावभाऊंनी विचारलं, "वापस घ्याचं कारण काय टाकू?"

"माणुसकी टाका!"

* * *

चहाच्या टपरीवर एका डॉक्टरांची हरकत होती. समझोता झाला, टपरी रस्त्याच्या पलीकडे गेली. महिन्याभरात डॉक्टर पुन्हा हजर. आता काय?

"चहासाठी रस्ता ओलांडावा लागतो हो!"

* * *

हसतो आपण. पण रुखमाबाईंचा किस्सा मी बरीच वर्षं कोणाला सांगितला नव्हता.

रुखमाबाई पवनारकडून पहिल्या बसने भाजी आणायच्या. वांगी, सांबार, हिरव्या मिरच्या. मागच्या दुकानदाराने हरकत घेतली, म्हणून सुनावणीची नोटीस मी त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीला चिकटवली. त्या दिवशी अजून चार ठिकाणी जायचं होतं. बाईंनी विचारलं, "कायचा कागद हाय जी?" मी म्हणालो, "परवान्याचा आहे, तारखेला या," आणि निघालो. त्यांनी पिशवीत पावशेर वांगी टाकली ती घेतलीसुद्धा.

तारखेला बाई आल्याच नाहीत. निकाल एकतर्फी लागला, जागा गेली. दुसऱ्या दिवशी मी जागेवर गेलो तर नोटिशीवर प्लास्टिकची पिशवी ताणून बसवलेली, चारी कोपऱ्यांना खिळे. शेजारची लसूणवाली म्हणाली, "रुखमाबाई सगळ्याइले दाखवत होती न. म्हने, माह्या परवाना पालिकेनं आणून लावून देल्ला, पावसानं खराब नको व्हाले."

मी निंबाखाली येऊन बसलो. देवरावभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाबू, कागद नुसता चिकटवाचा नसते. वाचून दाखवाचा असते."

दोन मिनिटं लागली असती. ती वांगी मी खाल्ली, याचं अजून वाईट वाटतं.

* * *

शेवटचा किस्सा सांगायचा तर आधी सर्व्हेचं सांगावं लागेल. परवाने सुरू व्हायच्या आधी गावातल्या रस्त्यावर बसणाऱ्या प्रत्येकाची यादी झाली. यादीत नाव असेल त्यालाच परवाना. यादी मी केली. दिवसभर रजिस्टर घेऊन फिरायचो आणि संध्याकाळी निंबाखाली, देवरावभाऊंच्याच टेबलावर बसून नावं फेअर करायचो. अक्षर लागलं नाही की तेच लावून द्यायचे. गावातला एकही सुटला नाही म्हणून साहेबांनी पाठ थोपटली.

एक सुटला होता. देवराव मेश्राम! आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ते आम्हाला पालिकेतलेच वाटायचे. दिवाळीच्या फराळाच्या यादीत त्यांचं नाव पहिलं असायचं.

निंबामागची बंद इमारत विकली गेली. नागपूरच्या नव्या मालकाचा मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. "इमारतीसमोरच्या माणसावर हरकत घ्यायची आहे." मी मान खाली घालून काहीतरी खरडत होतो. सवयीने म्हणालो, "हरकत लेखी लागते. बाहेर निंबाखाली टाईप करून मिळेल."

तो गेला आणि मग माझ्या लक्षात आलं. खिडकीशी आलो तोवर मशीन वाजायला लागलं होतं.

"इसमाचं नाव?" देवरावभाऊंनी विचारलं.

"नाव... नाही माहीत."

"राहू द्या, मले मालूम हाय." टाईप केलं, कागद काढला आणि नेहमीसारखा मोठ्याने वाचून दाखवला. विनापरवाना, अनधिकृत, रहदारीस अडथळा, सगळं. "असंच झालं ना?"

मॅनेजर मोबाईलकडे बघत "हो" म्हणाला आणि सही केली. हरकतीत एकही खाडाखोड नव्हती.

सुनावणीत साहेबांचा नाइलाज झाला. यादीत नाव नाही, परवाना नाही. तरी म्हणाले, "देवराव, कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे नाव राहिलं असेल तर तसं आज पाचपर्यंत लेखी द्या. मी चौकशी लावतो, मग नाव घेता येईल." सगळे साहेबांकडे बघत होते, मी टेबलाकडे. माझ्या रिटायरमेंटला चार महिने होते.

चार वाजता मी निंबाखाली गेलो. देवरावभाऊ टाईप करत होते. कागद काढला, चष्मा सारखा केला आणि समोर गिऱ्हाईक कोणी नसताना मोठ्याने वाचला.

"...सर्वेक्षण करणारे लिपिक दररोज माझ्याच टेबलावर बसून यादी लिहीत असत. तरीही त्यांच्या हयगयीमुळे माझे नाव यादीत आले नाही. सबब माझी जागा कायम ठेवावी, ही विनंती."

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "असंच झालतं ना, बाबू?"

फक्त "हो" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "भाऊ, चहा घेता का?"

देवरावभाऊंनी कागदाची घडी करून बिनसहीचाच खिशात ठेवला, मशीनवर झाकण घातलं आणि उठले.

"चाला."