तोफेच्या भट्टीचं दार

बाईमाणूस मेंटेनन्सला कशी, असं आता मला कोणी विचारत नाही. विचारायचे तेव्हा राग यायचा. आता वाटतं, विचारा की बाबांनो, तेवढंच मशीनच्या पोटातून डोकं बाहेर काढायला निमित्त. मसाटच्या एका प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मी मशीनं दुरुस्त करते. नाशिकहून थोड्या दिवसांसाठी म्हणून सिल्वासाला आले आणि इथेच मुरले. मशीन बंद पडलं की माझ्या नावाने शंख, चालू असलं की मी कुठे आहे याची कोणाला फिकीर नाही.

रविवारी दुपारी माझ्या घरी खेळ असतो. टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि एखादा डाव जमला की फसला हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. मुलीने कॉलेजात असताना नाद लावला, ती गेली परगावी आणि नाद राहिला माझ्याकडे. आमच्या गोष्टीत ताऱ्यांमधून जाणारी जहाजं आहेत, त्यांची इंजिनं मंत्रांवर चालतात, आणि बिघडलेल्या यंत्रांत पिशाच्चं शिरतात. पिशाच्चांचं मला काही विशेष वाटत नाही, आमच्या कारखान्यातल्या जुन्या मशीनांत नक्की असणार.

खेळाच्या पुस्तकातली शस्त्रं मात्र मला पहिल्या दिवसापासून खटकली. ती कधी बिघडतच नाहीत. असं शस्त्र असतं होय कुठे? म्हणून मी घरीच सुटे भाग तयार केले. मूठ वेगळी, नळी वेगळी, सील वेगळं. सील गळतं, नळीत काजळी धरते, नवी भट्टी तापायला वेळ घेते. प्रत्येक भागाचा फायदा आणि त्याची किंमत. खेळणाऱ्यांत एक मास्तर आहेत, मूळचे कोकणातले, इथल्या सरकारी शाळेत शिकवतात. ते म्हणाले, बाई, आम्ही तारे जिंकायला आलो होतो, तुम्ही आम्हाला ग्रीस लावायला बसवलंत. म्हणाले, पण दर रविवारी वेळेआधी हजर.

दुसरा खेळाडू आमच्याच कारखान्याचा प्रॉडक्शन मॅनेजर. जळगावकडचा. मला ताई म्हणतो, आणि नुसतं म्हणण्यापुरतं नाही. मला डेंग्यू झाला तेव्हा डबा घेऊन यायचा आणि मी खाईपर्यंत समोर बसायचा. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, तिसरी खेळाडू. त्या दोघांची मिळून एक तोफ होती. तो डागायचा, ती भरायची. भरायचं म्हणजे भट्टीचं दार उघडून, आत हात घालून ताऱ्याचा खडा ठेवायचा. दार बंद झाल्याशिवाय तोफ उडणार नाही, हा माझा नियम. दार लावण्यात एक पाळी फुकट जायची आणि तेवढ्यात शत्रू जवळ यायचा.

त्याला ते सोसेना. एका रविवारी म्हणाला, ताई, मी दाराचा खटका बांधून टाकतो, म्हणजे तोफेला वाटेल दार बंदच आहे. मी म्हटलं, कसा बांधशील ते सांग, आमच्याकडे नुसतं म्हणून काही होत नाही. त्याने झटक्यात सांगितलं. वायरी आवळायची केबल टाय घ्यायची, काळी, पांढरी लांबून दिसते. खटका दाबून आवळायची, उरलेलं शेपूट कापायचं आणि लॉक मागच्या बाजूला पाइपाच्या आड फिरवायचं. मास्तर हसले. वहिनीही हसली. मला हसू आलं नाही. असं झटक्यात कोणाला सुचत नसतं, ते हाताला सवयीचं असावं लागतं.

सोमवारी मी शेडमध्ये गेले. आमच्या सगळ्यात जुन्या मशीनला पुढे सरकतं दार आहे. ते उघडलं की लिमिट स्विच, म्हणजे दाराचा खटका, सुटतो आणि मशीन थांबतं, म्हणजे साच्यातला अडकलेला माल काढताना ऑपरेटरचा हात आत असला तरी साचा मिटत नाही. पाइपाच्या मागे बोट घातलं. टाय होती. काळी. दार सताड उघडं, आणि किलवणी गावचा एक ऑपरेटर, दोन मुलांचा बाप, साचा उघडला की हात आत घालून माल ओढत होता. साचा मिटायच्या आत हात बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मी टाय कापली.

दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. टाय परत जागेवर. मी परत कापली. ती परत आली. शेवटी चहाच्या टपरीवर मी मॅनेजरला गाठलं आणि म्हटलं, टाय मी कापतेय. तो म्हणाला, माहितेय. मग त्याने नेहमीचं सांगितलं. वरून टार्गेट येतं, त्याच्या आधीच्या मॅनेजरला याच मशीनपायी घरी बसवलं, दार उघडझाप करत बसलो तर माल निघत नाही. साहेबांना विचारलं तर ते नुसतं चालशे म्हणतात, काय चालेल ते सांगत नाहीत. आणि आजवर कुणाला काही झालंय का? मी म्हटलं, झाल्यावर सांगणार आहेस का? त्याने कप ठेवला आणि निघून गेला.

वर तक्रार करायची तर धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वरच्यांना वेग हवा होता, टाय त्यांना दिसत नव्हती असं थोडंच. तक्रार झाली असती तर बळी याचा गेला असता आणि नवीन येणाऱ्याने आल्या आल्या टायचं पाकीट मागवलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी रोज कापत राहिले. इतकी दमले होते की घरी आल्यावर चपला काढायचाही कंटाळा यायचा. रात्री डोळा लागला की किलवणीवाल्याचा हात दिसायचा.

खेळ मात्र चालू होता. आम्ही दोघं जे कारखान्यात बोलत नव्हतो ते टेबलावर भांडत होतो, आणि बाकीच्या दोघांना वाटत होतं की यांना तोफेचं फार लागलंय. मी नियम केला, खटका बांधलेला असेल आणि फाशावर एक पडला तर डागणाऱ्याचा हात जाणार. तो हसला. जाऊ दे की, लोखंडाचा बसवू. मी किंमत वाढवली, त्याने दिली. त्याला काही फरकच पडेना. मग एका दुपारी भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की मी नियमच चुकीचा केलाय.

त्या रविवारी पिशाच्चांचं जहाज अगदी अंगावर आलं होतं. दार लावत बसलं तर आमचं जहाज जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. तो म्हणाला, खटका बांधलाय, डागतो. मी म्हटलं, थांब, नियम बदललाय. एक पडला तर हात भरणाऱ्याचा जाईल.

मास्तर म्हणाले, हे अन्यायाचं आहे हो. तो माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"ताई, टाय मी लावली. हात तिचा का?"

"कारण आत हात तू घालत नाहीस."

वहिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं की नवरा अडलाय आणि जहाज बुडतंय. ती बिचारी खेळात अगदी मनापासून असते. तिने खड्याची सोंगटी उचलली, हात टेबलावर पुढे केला आणि त्याच्याकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाली, "अहो, तुम्ही म्हणत असाल तर भरते मी."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, भांडेल, निदान कुरकुर करेल. तिने एकदाही विचारलं नाही. माझेच डोळे भरून आले, आणि मी त्याचं तोंड बघायचं टाळलं.

त्याच्या मुठीत फासा होता. त्याने तो टाकला नाही. बराच वेळ तिच्या हाताकडे बघत बसला, मग फासा खाली ठेवला आणि म्हणाला, "दार लाव. मग भर." पाळी गेली, पिशाच्चं आत शिरली, जहाज गेलं. मास्तर फार हळहळले, इतक्या महिन्यांचं जहाज होतं. वहिनी त्याला म्हणत होती, अहो, एकच तर पडायचा होता, विसांत एक. तो म्हणाला, हो ना.

सोमवारी सकाळी मी वर्कशॉप उघडत होते तर तो दारात उभा. हातात टॉर्च. म्हणाला, "चल ताई. अजून आहेत."

मला एकच माहीत होती. त्याने मला मशीनमागून मशीन दाखवत नेलं, जिथे मी बघितलंच नव्हतं अशा सांध्यांमागे, तेलाच्या पाइपांखाली. तो टॉर्च धरायचा, मी कापायची. मला त्याचा इतका राग आला होता की एकदा तिथेच थोबाडीत द्यावी असं वाटलं. द्यायचंही त्राण नव्हतं. त्याचा फोन सारखा वाजत होता, साहेबांचाच असणार, तो बंद करायचा आणि पुढच्या मशीनकडे चालू लागायचा. या महिन्याचा माल कमी पडणार आणि त्याचा जाब त्याला द्यावा लागणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

शेवटी आम्ही किलवणीवाल्याच्या मशीनपाशी आलो. टाय निघाली होती, दार आता खरोखर काम करत होतं. मॅनेजर समोर उभा म्हणून तो धडाधड दार उघडत होता, धडाधड लावत होता, घामाघूम. हा म्हणाला, हळू चालव. त्याला तो टोमणा वाटला. आजवर हे वाक्य त्याने टोमणा म्हणूनच ऐकलं होतं. त्याने आणखी घाई केली. मग याने पुढे होऊन त्याचं मनगट धरलं आणि म्हणाला, खरंच सांगतोय, हळू.

ऑपरेटर माझ्याकडे बघायला लागला, खरं का म्हणून. मी मान हलवली. त्याने वेग कमी केला, दार नीट लावायला लागला. पण दार उघडलं की त्याचा हात पूर्वीसारखाच झपकन आत जायचा आणि तसाच झपकन बाहेर यायचा. साचा उघडाच थांबलेला असायचा.