बागबाजारच्या भिंतीवरचा घोडेस्वार

कोलकात्याच्या बागबाजारातली ती भिंत एका बंद गोदामाची आहे. मराठे शहरात शिरू नयेत म्हणून इंग्रजांच्या काळात खणलेला मराठा खंदक तिथूनच सुरू व्हायचा. खंदक केव्हाच बुजला आणि शहर पलीकडे पसरलं, पण भिंतीच्या दोन्ही बाजूंचे मोहल्ले अजून एकमेकांना परके मानतात. या हिवाळ्यात दोन्हीकडच्या क्लबांनी तिच्यावर शांततेची चित्रं काढायचं ठरवलं आणि एक तुकडा मुद्दाम मराठी कुटुंबांना दिला.

आमच्या वाट्याचं चित्र काढायला पुढे झाली ती फोर्ट विल्यममधल्या एका लष्करी अधिकाऱ्याची बायको. मूळची कोल्हापूरची, कोलकात्यात नवी, बंगाली अजिबात न येणारी. माझी मुलगी तिची दुभाषी झाली.

मुलगी इथेच जन्मली. घरी मी मराठीत विचारते, ती बंगालीत उत्तर देते. मला 'मा' म्हणते. मी वर्तमानपत्रात इतरांची वाक्यं दुरुस्त करते; तिचीही करत आले. भिंतीपाशी मात्र ती सलग मराठी बोलत होती. चुकत होती, अडत होती, पण थांबत नव्हती. "काकू, हा निळा आणखी पातळ कर ना," असं ती सहज म्हणाली, तेव्हा हातातला रंगाचा डबा मी गरजेपेक्षा जोरात खाली ठेवला.

कोल्हापूरच्या बाईने फेटा बांधलेला घोडेस्वार काढला. एका हातात भगवं निशाण, दुसऱ्या हातावर कबुतर. चित्र पूर्ण झालं. मग समोरच्या घरातली म्हातारी रस्ता ओलांडून आली.

"ए तो बोर्गी!" ती ओरडली, हा तर बोर्गी! पूर्वी बंगालात लूट करायला आलेल्या मराठी स्वारांना, बारगिरांना, इथे बोर्गी म्हणतात. लहान मुलांना अजूनही त्यांची भीती घालतात. माणसं जमली. कोल्हापूरची बाई आता खजील होईल म्हणून मी पाहत राहिले. मला ते पाहायचं होतं.

"अगं बाई!" ती कपाळावर हात मारून हसली. "आमच्याकडे याला मिरवणुकीत पुढे ठेवतात. विचार गं आजींना, काय करू याचं?"

मुलीने विचारलं. म्हातारीने स्वाराला नीट न्याहाळलं.

"आजी म्हणते, घोडा राहू दे. माणसाला खाली उतरव. तहान लागली असेल त्याला."

"पाणी कोण देणार?" बाईने विचारलं.

म्हातारीला दुभाष्याची गरज पडली नाही. तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. सगळे हसले. चूक करूनही ती बाई संध्याकाळपर्यंत त्या गल्लीची लाडकी झाली. म्हातारीच्या घरून तिच्यासाठी चहा आला, सोबत माझ्या मुलीसाठीही.

परतताना बसमध्ये मी मुलीला मराठीत विचारलं, चहा पिताना तुम्ही काय बोलत होतात?

"किच्छु ना," काही नाही, असं ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

पुढच्या रविवारी ती लवकर तयार झाली. मी येऊ का, असं विचारल्यावर तिने बुटाची नाडी बांधता बांधता मान वर केली.

"ये. पण काकूसमोर माझं मराठी नीट करत बसू नकोस. ती कधी मध्ये थांबवत नाही मला."

इतक्या दिवसांत ती माझ्याशी एवढं मराठी बोलली नव्हती. आणि हे बोलली तेही त्या बाईसाठी.