मामांची फरी

आमच्या मामांना उभ्या आयुष्यात कुणाचा वार लागला नाही. काठीचा नाही आणि जिभेचाही नाही. मोशीच्या तालमीत ते फरीगदगा खेळत. उजव्या हातातली काठी म्हणजे गदगा आणि डाव्या हातातली कातडी ढाल म्हणजे फरी. मामांचा गदगा शोभेपुरता, सगळा जीव फरीत. चिखलीच्या जत्रेत एकदा एक दांडगा गडी त्यांच्यावर वार करून करून इतका दमला, की मैदानातच फतकल मारून बसला. मामांनीच त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. या सवयीने त्यांचा डावा हात कायम छातीपुढे असायचा, अगदी चहा पितानासुद्धा. मामी कावून म्हणायच्या, "तुमच्याशी लगीन करून मला काय मिळालं वो?" मामा शांतपणे म्हणत, "भांडायला हक्काचा माणूस. बाकीच्यांचे नवरे उठून जात्यात, मी बसून ऐकतो."

पिंपरीकडे तेव्हा नुकते कुठे कारखाने उभे राहू लागले होते, पण आमच्याकडची लग्नं अजून जुन्याच रुसव्याफुगव्यांवर चालत. वरपक्ष रुसला की मुलीचा बाप मामांकडे धावायचा. एका वरबापाने आंघोळीचं पाणी गार म्हणून आकांडतांडव केलं, तर मामा हात जोडून म्हणाले, "व्हय पाव्हणं, इंद्रायणीचं हाय. जास्त तापवलं तर पुण्य उडून जाईल, म्हणून भीत भीत कोमट केलं." वऱ्हाड हसलं आणि वरबाप मुकाट्याने न्हायला गेला.

मग मामांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न निघालं. ऐन मुहूर्ताला व्याही आमच्याकडून मिळालेला मानाचा फेटा हातात धरून मांडवात गरजले, "हा फेटा डोक्याला बांधू, का भांडी पुसू? उठा रं, वरात माघारी फिरवा!" बोहल्यापाशी पोर पांढरीफटक पडली. आम्ही मात्र निर्धास्त होतो. मामांच्या ओठांवर जबाब आलेला मला स्पष्ट दिसला होता. पण मामांचा डावा हात खाली आला. त्यांनी स्वतःचा फेटा काढून व्याह्यांच्या पायांशी ठेवला आणि म्हणाले, "चुकलं माझं. पदरात घ्या." मला भयंकर राग आला. लग्न मात्र लागलं.

पाठवणी झाल्यावर मी विचारलं, "मामा, जबाब सुचला नाही?"

"सुचला की. डोकं न् भांडं, जे रिकामं आसंल त्याला बांधा, म्हणणार व्हतो." मी खो खो हसलो. मामा हसले नाहीत. "सारा मांडव आसाच हसला आसता, राव. मग तो टोला त्यांनी घरी नेऊन कुणावर काढला आसता?"

पहिल्या दिवाळसणाला व्याही स्वतः बैलगाडी हाकत सुनेला माहेरी घेऊन आले. डोक्याला तोच, मांडवात नाकारलेला मानाचा फेटा होता. मामांनी फेट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओठ एकदा हलले. मग म्हणाले, "पाव्हणं, शोभून दिसतोय हो."

बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते गाडीतून हसत उतरणाऱ्या लेकीकडे पाहत होते.