चहा यायच्या आत

हिंदी मुलखातल्या पिपलानी या कारखान्याच्या वसाहतीत, मराठी घरांत कॉम्प्युटर बिघडला की तो दुकानात न्यायची पद्धत नाही. मिलिंद खानझोड्यांना फोन जातो. त्याच कारखान्यात तीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काढलेला हा माणूस अयोध्या नगरहून स्कूटरवर येतो, पैशाला हात लावत नाही आणि चहा यायच्या आत बिघाड सांगतो. या ख्यातीला मिलिंदराव स्वतःच सगळ्यात जास्त भुलले होते, आणि तिथेच घोळ झाला.

रत्नप्रभाकाकू पाध्यांचा कॉम्प्युटर सुरू होईना. काकू अठ्ठ्याहत्तरच्या, मुलगी मंजूषाच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या. पिपलानीत कोणत्या क्वार्टरमध्ये कोणतं मराठी घर होतं, ते कुठल्या गावाहून आलं, पुढे कुठे गेलं, हे आता त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्याही हातून निसटू लागलं होतं. म्हणून तीन वर्षं त्या एका बोटानं ते टाइप करत होत्या. मराठी टायपिंग त्यांना मिलिंदरावांनीच शिकवलेलं.

पडद्यावर एकच ओळ होती, बूट डिव्हाइस सापडत नाही, म्हणजे मशीनला विंडोज सापडत नव्हतं. काकू चहा टाकायला आत गेल्या. विंडोज गेलं, असं मिलिंदरावांनी ठरवून टाकलं. मशीन कशावरून सुरू करायचं त्याची यादी समोर आली, तीही धड वाचली नाही. सोबत आणलेली विंडोजची डीव्हीडी निवडली आणि सगळी डिस्क फॉरमॅट करून, म्हणजे पुसून, नवं विंडोज टाकायला लावलं. "आत काही ठेवायचंय का?" हे ते प्रत्येक घरी विचारत. पण त्यासाठी काकू बाहेर येईपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि आत कपबश्या वाजायला लागल्या होत्या. काकूंचं लिखाण त्या क्षणी त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

चहा झाला. काकू दारावर भाजी घ्यायला गेल्या. मशीन आपोआप रीस्टार्ट झालं आणि पुन्हा तीच ओळ आली. आता मात्र मिलिंदराव चरकले. वायर बघायला टेबलामागे वाकले, तर मागच्या बाजूला एक निळा पेन ड्राइव्ह खोचलेला. त्यावर चिकटपट्टी, आणि पट्टीवर त्यांच्याच अक्षरात 'खानझोडे'. परवा प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकायला आले होते, तेव्हा तिथेच विसरला होता. ते जुनं मशीन बिचारं डिस्क सोडून त्या पेन ड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसलं होतं. डिस्कला मुळात काहीही झालं नव्हतं, पुसली ती त्यांनीच.

त्यांनी तो उपटून खिशात घातला. मशीन लगेच सुरू झालं. काकू मेथीची जुडी घेऊन आल्या तेव्हा ते म्हणाले, "काकू, डिस्कच गेली होती. मशीन वाचलं, पण आतलं नाही वाचलं."

"सगळं गेलं?"

"सगळं."

काकूंनी जुडी खाली ठेवली, म्हणाल्या, "थालीपीठ लावते, खाऊन जा." आणि मिलिंदरावांनी ते खाल्लं. त्या थालीपिठाची लाज त्यांना आजही वाटते.

प्रयत्न करतो म्हणून त्यांनी डिस्क घरी नेली. फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर दोन दिवस चालवलं. फाइलचं नाव मिळालं, पण आत अक्षरांच्या जागी नुसते चौकोन होते. डिस्क परत आणून बसवली आणि तो विषय आपल्यापुरता मिटवला.

आठवड्यानं मंजूषा बाजारात भेटली. "मिलिंददादा, आई त्या टेबलाजवळ पण जात नाही. म्हणते, माझ्याच हातून कोई गलत बटन दाबलं गेलं असेल. फोनवर सगळ्यांना हेच सांगते. फार शर्म वाटते तिला."

आपण चूक फक्त लपवली, असं मिलिंदराव इतके दिवस समजत होते. ती तर त्यांनी काकूंच्या माथी मारली होती.

ते तसेच पिपलानीत गेले. "चहा ठेवते," काकू म्हणाल्या. "नको, आधी ऐका," म्हणून त्यांनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि काही न गाळता सगळं सांगितलं. काकूंनी चष्मा लावून पट्टीवरचं नाव वाचलं.

"म्हणजे मी काही दाबलं नव्हतं."

"नाही, काकू."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"मलाही वाटतच होती की रे," काकू म्हणाल्या.

काकूंनी कॉम्प्युटरसमोर खुर्ची सरकवली. "बस. मी सांगते, तू टाइप कर. तुमचंच जुनं घर घे आधी."

क्वार्टरचा नंबर त्यांनी बरोबर सांगितला. वडिलांचं नाव सांगितलं, गाव पुलगाव सांगितलं. मग म्हणाल्या, "जायच्या आधी तुझ्या आईनं तुझ्याबद्दल मला एक सांगितलं होतं. ते मुद्दाम लिहून ठेवलं होतं मी."

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. मिलिंदरावांची बोटं थांबली. "काय म्हणाली होती?"

काकूंनी डोळे मिटले. ओठ दोनदा हलले. मग त्यांनी मान हलवली.

"नाही आठवत रे. त्यात होतं."