आप्पांचा आवाज आणि आमची धाकटी

आमच्या धाकटीला विचारायची लाज म्हणून नव्हती. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ, गुहागरची. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला ती खुशाल विचारायची, "मावशी, तुमचे केस एवढे लांब कशाने हो?" रत्नागिरी स्टँड येईपर्यंत ती मावशी तेलाच्या कृतीपासून सुनेच्या कागाळ्यांपर्यंत सगळं हिला सांगून मोकळी. लग्न होऊन आठवडा झाला नसेल, हिने माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, विचारलं, "आप्पा, तुम्ही हसत का नाही हो?" मी फोडणी देत होते, माझा हात तिथेच थांबला. आणि आप्पा चक्क हसले! मी इतकी वर्षं त्या घरात नांदत होते, मला हे कधी सुचलं नाही. त्या दिवसापासून मला तिचा हेवा वाटतो. उगीच लपवायचं कशाला?

आप्पा म्हणजे आमच्या वाडीच्या भजन मंडळाचे बुवा. पंचक्रोशीत त्यांच्या आवाजाला तोड नव्हती. घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला, नुसती कुजबूज उरली. कॅसेटींना बुरशी यायच्या आत माझ्या नवऱ्याने, गणपतीला मुंबईहून आला तेव्हा, त्यांची भजनं कॉम्प्युटरवर भरून घेतली होती. दिवेलागणीला आप्पा ओटीवर टेकायचे आणि म्हणायचे, "सुनंदा, लाव गो." मी लावायची. कॉम्प्युटरचा कोर्स घरात मी एकटीने केलेला, त्यामुळे त्या माऊसवर हात ठेवायचा मान माझा. आप्पा डोळे मिटून स्वतःचाच आवाज ऐकायचे, मांडीवर ताल धरायचे. घरात बाकी काही माझं असो वा नसो, ती वेळ माझी होती.

धाकटी तिथेही येऊन बसायला लागली. "ताई, हे काय? ते दाबलं तर काय होतं?" मी म्हणायची, "हात लावू नको गो, बिघडेल." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "बिघडलं तर विचारू की कुणाला तरी." मला अस्सा राग यायचा! अहो, मला येतंय ना? मग कुणाला कशाला विचारायचं?

आवाज गेल्यापासून गणपतीत आप्पांना गाता येत नव्हतं. आमच्याकडे गणपतीत मंडळ रोज घरोघरी भजनाला फिरतं. त्या वर्षी वाडीने ठरवलं, बुवा नाहीत तर नाहीत, त्यांचा आवाज तरी प्रत्येक गणपतीसमोर गेला पाहिजे. मी मोठ्या दिमाखात पेनड्राइव्ह भरून दिला. ज्या घरात जो कॉम्प्युटर असेल त्याला तो लावायचा, आप्पांचा एक अभंग ऐकायचा आणि मग मृदंगावर थाप पडायची. विसर्जन झाल्यावर पेनड्राइव्ह घरी परत आला. सगळं नीट आहे ना बघावं म्हणून मी तो आमच्या कॉम्प्युटरला लावला.

संध्याकाळी आप्पांनी हाक मारली. बघते तर काय, भजनांच्या प्रत्येक फोल्डरवर एक बारीकसा बाण! दाबलं की पडदा लुकलुकायचा आणि पुढे काहीच नाही. पेनड्राइव्हमध्येही तेच. "काय झालं गो?" ओटीवरून कुजबूज आली. दुसऱ्या दिवशी शहरातल्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "व्हायरस शिरलाय वहिनी. सगळं पुसायला लागेल. भजनं दुसरीकडे ठेवलीत ना?" कुठे ठेवणार, कपाळ! कॅसेटी तर कधीच बुरशीने गेलेल्या. मी कॉम्प्युटर तसाच उचलून घरी आणला. आप्पांना सांगितलं. ताटावर बसले आणि तसेच उठले.

धाकटी मात्र पडद्यात डोकं घालून बसलेली. "ताई, हा आकडा बघा, डबा आतून भरलेला दाखवतोय. भजनं गेली असती तर रिकामा नसता दाखवला?" तो आकडा मीही बघितला होता, मला काही तो बोलला नाही. हिने लगेच फोन लावला गुहागरला, भावाला. त्याला माहीत नव्हतं. त्याने मित्राचा नंबर दिला, मित्राने आणखी कुणाचा. असं विचारत विचारत ही पोचली पूर्णगडच्या एका मुलीपर्यंत. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी. ना ओळख ना पाळख, आणि पहिल्या दोन वाक्यांत तिला म्हणते, "बाय गो, आमच्या सासऱ्यांचा आवाज हरवलाय, काढून दे ना."

मुलगी भली होती. म्हणाली, "फोल्डर गेले नाहीत काकी, लपवलेत. पण आधी जो आत चालू आहे ना, त्याला बंद करून काढून टाका. नाहीतर तो पुन्हा लपवेल." धाकटीने फोन स्पीकरवर टाकला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "ताई, तुम्ही बसा. तुमचा हात बसलाय." बघा! मोठेपणा मिरवायची संधीसुद्धा मला तिच्याच हातून मिळायची होती. मुलगी सांगत गेली, मी करत गेले. आधी ती पीडा काढली, मग पडद्यावर उघडलेल्या काळ्या खिडकीत एक लांबलचक ओळ टाइप केली, एकेक जागा सोडत. एंटर दाबलं. क्षणभर काही नाही. मग एकामागून एक फोल्डर वर आले, बाणाशिवाय. मी पहिलाच लावला आणि माजघरभर आप्पांचा आवाज घुमला.

आप्पा भिंत धरत धरत आत आले. डोळे भरलेले. हात ठेवला तो धाकटीच्या डोक्यावर. टाइप मी केलं होतं हो! पण ते कोण सांगणार?

एवढ्यावर ती थांबती तर धाकटी कसली. "आपलंच निस्तरून काय उपयोग ताई? तो वाडीत फिरतोय, परत येईल." घरोघर गेली, गणपतीत जिथे जिथे पेनड्राइव्ह लागला होता तिथे तिथे. मलाही ओढत नेलं. मी कॉम्प्युटर साफ करायची आणि ही तिथल्या म्हाताऱ्यांचे गुडघे, पोरींची स्थळं, सगळं विचारत बसायची. चहा दोघींना मिळायचा, पण निघताना "परत ये गो" म्हणायचे ते तिला.

भावोजी जयगडला बंदरात कामाला होते. त्यांची गुजरातेत बदली झाली आणि धाकटीचं बिऱ्हाड निघालं. रिक्षा दारात आली. ती आप्पांच्या पाया पडली आणि जाताजाता विचारलंच, "आप्पा, मला एकदा तरी गाऊन दाखवाल?" मी म्हणणार होते, काय हे, बोलताना त्यांना त्रास होतो! तेवढ्यात आप्पा गायला लागले. भजन संपताना म्हणतात ती भैरवी. आवाज कसला, फाटकं फडकं. मध्येच तुटायचा, श्वास पुरायचा नाही, पण धृपद त्यांनी पूर्ण केलं. रिक्षावालासुद्धा उतरून उभा राहिला. धाकटी हमसाहमशी रडत होती. मीही रडत होते, पण माझं रडं वेगळं होतं. मी इतकी वर्षं त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

आताही दिवेलागणीला मी भजनं लावते. आप्पा डोळे मिटून ऐकतात. शेवटाला आलं की हात वर करतात. "भैरवी नको गो," म्हणतात, "ती दिली मी तिला."

मी बंद करते. जळते मनातून, पण बंद करते.