सगळ्यांत मोठी बोंब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर तिच्या शेवटच्या दिवसांतही नाही. तुला का सांगतेय, ते माझं मलाही धड कळत नाही.

मुलुंडच्या आमच्या चाळीत नलूआत्याकडे, म्हणजे बाबांच्या बहिणीकडे, पत्र्याची ट्रंक भरून कॉमिक्स होती. तिने लग्न केलं नव्हतं. दुपारी चाळीतली सगळी पोरं तिच्या दाराशी जमायची आणि ती आवाज काढून काढून वाचायची. राक्षसाचा आवाज असा झकास काढायची की माझा धाकटा भाऊ, सहा वर्षांचा बंड्या, तिच्याच पदरात लपायचा. पण तेव्हा शाळेत बाई काय, नळावर बायका काय, सगळ्यांचं एकच — कॉमिक्सनी पोरांची डोकी फिरतात.

आणि बंड्या पडला. चाळीमागच्या पाण्याच्या टाकीवरून. गळ्यात टॉवेल बांधलेला, शेजारी कॉमिक, कोपराचा पार चुरा. धावत आलेल्यांतलं कुणीतरी ओरडलं, "पुस्तक वाचून उडायला गेला काय गं हा?" मी — नऊ वर्षांची घोडी — नुसती मान हलवली. मान हलवायला असा कितीसा वेळ लागतो?

चाळीने ठरवलं, यंदा होळीत कॉमिक्स टाकायची. आत्याने वाद घातला नाही. ट्रंक तिने स्वतःच्या हाताने रिकामी केली. होळी पेटली, सगळ्यांनी बोंब ठोकली, आणि सगळ्यांत मोठी कुणाची असेल? माझी! तोंडावर हात मारून मारून ओठ सुजले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आत्याला वाटलं मी पुस्तकांसाठी रडतेय. होळीतला भाजका नारळ फोडल्यावर मोठा तुकडा तिने माझ्याच हातात ठेवला. "घसो बसलो गो तुझो. खा." मी खाल्ला. गोड होता मेला.

त्यानंतर तिने कुठल्याही पोराला काही वाचून दाखवलं नाही.

आज ती ऐंशीची आहे, माझ्याकडेच असते. फार जीव आहे माझा तिच्यावर — हे म्हणायला तरी मला तोंड आहे का? गेल्या रविवारी बंड्या आला होता. "मी एकदा उडालो होतो!" असं लेकीला हसत सांगतो तो, त्याला खरंच तसं वाटतं. लेक गोष्टीचं पुस्तक घेऊन आत्याच्या मांडीवर चढली. आत्याने पुस्तक हळूच मिटलं, बंड्याच्या वाकड्या कोपरावरून हात फिरवला. "नको गो बाय. माझ्या पुस्तकांपायी झालां ह्यां." मी ओट्याशी चहा गाळत होते. गाळत राहिले.

बंड्या उडाला नव्हता. वाचायचा नंबर माझा होता, तो पुस्तक सोडेना, म्हणून मी त्याला ढकललं. दोन्ही हातांनी.

आत्या पलीकडच्या खोलीत लसूण सोलतेय. मी अजून तिच्याकडे गेलेले नाही.